परतीची वाट आधी: दूरच्या ज्वालामुखी बेटावर, रिकाम्या रीफवर सर्फिंग

गर्दीच्या ठिकाणी सर्फिंग करताना निम्मी माहिती आपल्याला न मागता मिळते. कुठून पाण्यात शिरायचं, कुठे बसायचं, कोणती लाट सोडून द्यायची, ओहोटीला कोणता खडक वर येतो, हे पाण्यातल्या इतरांकडे नुसतं बघून कळतं. रीफ म्हणजे पाण्याखालचा प्रवाळाचा किंवा कातळाचा उथळ बांध. ती रिकामी असली की हे सांगायला कुणी नसतं. लाट मात्र समोर एकसारखी फुटत असते, स्वच्छ, लांब, आणि तिच्यावर कुणीही नसतं. असं दिसलं की हात आपोआप बोर्डकडे जातो. तो हात तासभर आवरायचा असतो. मी स्वतःला एकच नियम घालून घेतला आहे: बाहेर येण्याच्या दोन जागा बोटाने दाखवता येत नाहीत तोवर पाण्यात पाय घालायचा नाही. पुढचं सगळं त्या नियमाभोवतीच आहे.

आधी एक स्पष्ट करतो. हा लेख नवशिक्यांसाठी नाही. इतरांच्या सोबतीने रीफवर दोन-तीन हंगाम काढले असतील, बोर्ड नसताना खुल्या समुद्रात किलोमीटरभर सहज पोहता येत असेल, लाटेखाली दाबले गेल्यावर हातपाय न झाडता थांबता येत असेल, तरच इथे या.

बेटाजवळ लाट अशी का फुटते

दूरच्या वादळात तयार होऊन हजारो किलोमीटर येणाऱ्या लाटांच्या रांगांना स्वेल म्हणतात. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये जितके सेकंद जातात तो तिचा पीरियड. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची असेल तर पीरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. म्हणजे ८ सेकंदांची लाट साधारण १०० मीटर लांब, तर १४ सेकंदांची ३०० मीटरहून थोडी जास्त. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवू लागतो. १४ सेकंदांच्या लाटेला तो दीडशे मीटर खोलीवरच जाणवतो.

खंडाच्या किनाऱ्याला उथळ समुद्राचा रुंद पट्टा असतो. त्यावरून येताना लाट हळूहळू मंदावते, तळाशी घासून तिचा जोर कमी होतो. ज्वालामुखी बेट मात्र थेट महासागराच्या तळातून उभं राहिलेलं असतं. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाणी शेकडो मीटर खोल होतं. त्यामुळे लाट जवळजवळ पूर्ण वेगाने येते आणि अचानक उथळ खडकावर आपटते. ताहितीतल्या तेआहुपोची जाड, पोकळ लाट अशाच एकदम वर आलेल्या रीफमुळे होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग तिथेच झालं.

साध्या उताराच्या किनाऱ्यावर लाट आपल्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीत फुटते. दोन मीटरची लाट म्हणजे अडीच मीटर पाणी. खडा उतार असेल तर ती याहूनही उथळ पाण्यात फुटते, शिवाय फुटताना समोरचं पाणी स्वतःकडे ओढून घेते. काठावरून पाणी छातीइतकं वाटतं. लाट उभी राहते त्या क्षणी तिथे गुडघाभरही उरलेलं नसतं. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

निघण्याआधी

नकाशावर सगळ्यात आधी नद्यांची मुखं शोधा. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही, म्हणून दरीतून ओढा समुद्राला मिळतो तिथे रीफमध्ये बऱ्याचदा खिंड पडलेली असते. ही खिंड म्हणजे खोल पाण्याचा चॅनेल, आणि तिच्या कडेलाच लाट एका दिशेने उलगडत जाते. उपग्रहचित्रात निळा गडद पट्टा आणि त्याच्या एका बाजूला पांढऱ्या फेसाची तिरकी रेघ दिसली तर तिथे खूण करा. फेसाची रेघ किनाऱ्याला समांतर आणि अखंड असेल तर लाट एकदम सगळीकडे कोसळते. ती जागा सोडून द्या.

बेटाचं वयही बघा. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं की ज्वालामुखी बेट हळूहळू खचत जातं आणि त्याच्या कडेचा प्रवाळ वर वाढत राहतो. सुरुवातीला रीफ किनाऱ्याला चिकटून असते, मग मध्ये लगून, म्हणजे रीफच्या आतलं शांत, उथळ पाणी, तयार होतं, शेवटी बेट बुडून नुसतं कंकण उरतं. तुमच्या कामाचा अर्थ असा: तरुण बेटावर लाट बहुधा लाव्हाच्या कातळावर किंवा गोट्यांवर, काठाच्या अगदी जवळ फुटते. तिथे अडचण आत-बाहेर करण्याची. जुन्या बेटावर लाट लगूनच्या पलीकडे, लांब फुटते. तिथे अडचण अंतराची आणि खिंडीतल्या प्रवाहाची.

स्वेलचा अंदाज वाचताना नुसती उंची बघू नका. उंची तीच ठेवून पीरियड दुप्पट झाला तर लाट दुप्पट शक्ती घेऊन येते. दीड मीटर आणि ७ सेकंद हा खेळ आहे, दीड मीटर आणि १४ सेकंद हे वेगळंच प्रकरण आहे. लांब पीरियडच्या लाटा वेगाने येतात आणि आधी पोचतात. वादळ ३००० किलोमीटर दूर असेल तर १८ सेकंदांच्या लाटा सुमारे अडीच दिवसांत येतात, १४ सेकंदांच्या यायला तीन दिवसांहून थोडं जास्त लागतं. बेटावर इंटरनेट नसेल तेव्हा हे फार उपयोगी पडतं. समुद्र शांत दिसतोय, पण मधूनच दोन-तीन लांब, सावकाश, छोट्या लाटा येऊन जातात. याचा अर्थ मोठा स्वेल रस्त्यात आहे. तो पुढच्या काही तासांत, कधी दुपारनंतर, वाढत जाणार.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात बेटाच्या आडोशाच्या बाजूला रहा. रात्री डोंगर थंड होतो आणि हवा दऱ्यांतून समुद्राकडे उतरते, त्या मतलई वाऱ्याने सकाळची लाट गुळगुळीत राहते. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि पाणी विस्कटतं.

भरती-ओहोटीचं कोष्टक कागदावर उतरवून न्या. बहुतेक ठिकाणी दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोज भरती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पण हे सगळीकडे गृहीत धरू नका. ताहितीत भरती जवळजवळ रोज दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारास येते आणि पाणी चढतं जेमतेम फूटभर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते. अनोळखी रीफची पहिली ओळख करून घ्यायला भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते, दिवस बरे.

सामान थोडक्यात. नेहमीपेक्षा थोडा लांब आणि जाड बोर्ड, कारण पॅडलिंगचा, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत जाण्याचा, वेग इथे जीव वाचवतो. दोन लीश (बोर्ड घोट्याला बांधायची दोरी), फिनचा (बोर्डच्या तळाच्या पात्यांचा) जादा संच, बोर्ड दुरुस्त करायला उन्हात घट्ट होणारं रेझिन. हेल्मेट. पातळ तळाचे रीफ बूट. पायाखालचा बोर्ड थोडा कमी जाणवतो हे खरं, पण मी ते घालतोच. पूर्ण बाह्यांचा अंगरखा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली ती प्रवाळासाठीच. आणि पर्सनल लोकेटर बीकन. तो ४०६ मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसात उपग्रहांना संदेश देतो आणि त्याला फोनचं नेटवर्क लागत नाही, मात्र त्याची नोंदणी आधी केलेली असावी. संदेश मिनिटांत पोचेल, मदत कदाचित दुसऱ्या दिवशी. म्हणून विम्यात जखमीला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे निघण्याआधीच वाचून घ्या. आणि निदान एकाने तरी प्रथमोपचाराचं खरं प्रशिक्षण घेतलेलं असावं.

एकटं जाऊ नका. तीन जण उत्तम: दोघं पाण्यात, एक काठावर बीकन आणि दुर्बीण घेऊन.

पहिला तास काठावर

माझं ऐकून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. उंचावर बसा, घड्याळ काढा, आणि एक तास बोर्डला हात लावू नका.

मी एकदा काळ्या लाव्हाच्या कड्यावर असाच बसलो होतो. चॅनेल समोर होता, सपाट, तेलासारखा. त्याच्या डाव्या हाताला खांद्याइतकी लाट नीट उलगडत होती. वीस मिनिटं झाली, काहीच बदललं नाही. मी उठलो, लीश घोट्याला बांधली, वेल्क्रो दाबून बसवलं आणि मान वर केली तर क्षितिज वाकडं दिसलं. पाच लाटा आल्या. पहिली नेहमीच्या जागेच्या तीस-चाळीस मीटर बाहेर उभी राहिली. तिसरीने चॅनेल या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद केला. मी शिरणार होतो ती कातळातली फट पांढऱ्या फेसाने भरली आणि पाणी माझ्या पायांपर्यंत वर आलं. मग पुन्हा बावीस मिनिटं तेलासारखं पाणी. लीश सोडली आणि परत बसलो.

म्हणून मोजायचं ते असं. एका सेटमधले, म्हणजे एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटातले, सलग माथे मोजा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतची वेळ घ्या, मधल्या अंतरांनी भागा, पीरियड मिळाला. सेटमध्ये किती लाटा, दोन सेटच्या मध्ये किती मिनिटं, सगळ्यात मोठी लाट कुठे फुटली, हे लिहून ठेवा. निदान तीन सेट पाहून होईपर्यंत उठू नका. लांब पीरियडच्या स्वेलमध्ये त्याला तासाहून जास्त लागू शकतो, लागू दे.

मग पाण्याचं वागणं बघा. लाटा रीफवरून जे पाणी आत ढकलतात ते कुठून तरी बाहेर पडणारच. लगून असेल तर ते सगळं खिंडीतून बाहेर जातं, आणि स्वेल मोठा असेल तर भरती चढत असतानाही खिंडीतला प्रवाह बाहेरच्या दिशेने राहू शकतो. एक वाळकी काठी खिंडीत टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. बहुतेकांना बराच वेळ टिकवता येणारा पॅडलिंगचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. काठी दहा सेकंदांत दहा मीटर गेली, तर त्या वाटेने बाहेर जाणं फुकट आहे, पण परत येणं जमणार नाही. परतीसाठी दुसरी वाट शोधा, नाहीतर त्या दिवशी शिरूच नका.

पाण्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा उकळी फुटल्यासारखं दिसतं का? तिथे पृष्ठभागाजवळ खडकाचं डोकं आहे. शक्य असेल तर ओहोटीला मास्क लावून आतल्या बाजूचा रीफ पोहून पहा. कपारी कुठे आहेत, शिंगांसारखा फाटेफोड प्रवाळ कुठे आहे, काटेरी सी-अर्चिन कुठे बसले आहेत. दहा मिनिटांच्या त्या पोहण्याने जे कळतं ते महिनाभर लाटेवरून कळत नाही.

पाण्याचा रंग बघा. ज्वालामुखी बेटावरचे ओढे आखूड आणि खड्या उताराचे. डोंगरात पाऊस पडला की तासाभरात तपकिरी पाणी आणि ओंडके समुद्रात येतात. गढूळ पाणी, नदीचं मुख आणि पहाट किंवा संध्याकाळ हे तिन्ही एकत्र आले तर शार्कचा धोका वाढतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ मध्ये लगून आणि देखरेखीखालच्या जागा सोडून पोहणं आणि सर्फिंगच बंद करावं लागलं होतं. वारा पहाटे चांगला असतो हे मान्य, तरी सूर्य नीट वर येऊन तळ दिसेपर्यंत मी थांबतो. अर्ध्या तासाचा गुळगुळीतपणा गेला तर जाऊ दे.

जिथे लाव्हा आत्ता समुद्रात उतरते आहे, त्या बाजूला जाऊच नका. उकळत्या पाण्याच्या वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेसारखे बारीक कण असतात, आणि लाव्हाने नुकतीच तयार केलेली जमीन न सांगता कोसळते.

पाण्यात शिरणं

पहिल्या दिवशी चढत्या भरतीला शिरा. पाण्याची चढउतार एकसारखी नसते. साधारण सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. ओहोटी संपून दोनेक तास झाल्यावर शिरलात तर पुढचा बराच वेळ पायाखालचं पाणी वाढत जाणार आहे. उतरत्या पाण्यात हेच उलटं होतं: तुम्ही दमत जाता आणि खडक वर येत जातो.

कातळावरून शिरताना सेट जाऊ द्या. शेवटच्या लाटेचं पाणी कातळावर चढलं की त्याच्याबरोबर पुढे सरका, बोर्ड छातीसमोर आडवा धरू नका, टोक समुद्राकडे ठेवा, आणि पाणी मागे ओढलं जाताना त्याच्यावर सपाट पडून सुटा. उभ्याने उडी मारायची नाही. हिरवट, बुळबुळीत शेवाळ असलेल्या गोट्यांवर चार पायांवर चाला. लाव्हाचा खरबरीत प्रकार, ज्याला हवाईयन लोक आ म्हणतात, त्यावर हात टेकला तरी कापतो. पातळ हातमोजे इथे कामाला येतात. शिरल्यावर पहिले पन्नास हात न थांबता मारा.

कुठे बसायचं, कोणती लाट घ्यायची

लाटेकडे थेट जाऊ नका. आधी वीस मिनिटं चॅनेलमध्ये, लाटेच्या खांद्याच्या, म्हणजे अजून न फुटलेल्या कडेच्या, बाहेर बसा आणि ती बाजूने बघा. काठावरून फक्त तिची पाठ किंवा तोंड दिसत होतं. इथून ओठ, म्हणजे कोसळणारा माथा, किती पुढे पडतो, खालून पाणी किती खेचलं जातं, ते दिसतं.

जागा धरून ठेवायला खुणा लागतात, कारण प्रवाह तुम्हाला नकळत सरकवतो. जमिनीवरच्या दोन वस्तू एका रेषेत आणा: जवळचा सुळका आणि त्याच्या मागचं एकटं झाड, असं काहीतरी. ही झाली आडवी जागा. दुसऱ्या दिशेला अशीच आणखी एक जोडी शोधा, म्हणजे किती बाहेर आहात ते कळेल. झाड सुळक्याच्या डावीकडे सरकलं की तुम्ही सरकलात. लाटांच्या मध्ये दर मिनिटाला खुणा बघायची सवय लावा.

सेटची पहिली लाट घेऊ नका. तिच्यावर पडलात तर मागच्या चार तुमच्या डोक्यावर फुटतील आणि तुम्ही सगळ्यात उथळ जागेत असाल. शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या लाटेवर जा. पहिल्या तीन-चार लाटा खांद्यावरून, अर्धवट घ्या आणि चॅनेलकडे लवकर निघून जा. आत कुठपर्यंत जायचं याची हद्दही काठावरूनच ठरवून घेतलेली असावी: अमुक उकळी दिसली की लाटेवरून उतरायचं, पुढे भिंत कितीही छान उभी असली तरी.

पडणं

रीफवर पडणं ही शिकायची गोष्ट आहे. डोकं खाली घालून सूर कधीही मारायचा नाही, पायही आधी घालायचे नाहीत. अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर, जितकं सपाट पडता येईल तितकं पडा. पाण्याखाली गेल्यावर दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाकून गोळा व्हा, तळाला पाय टेकून उसळी मारू नका. कपारीत पाय अडकतो. वर येताना एक हात डोक्याच्या वर असू द्या.

लीश प्रवाळात अडकली तर लाटांच्या ओढीखाली वर येता येत नाही. घोट्यावरची सोडण्याची पट्टी डोळे मिटून, एका हाताने, गुडघा छातीशी घेऊन ओढायचा सराव आधी जमिनीवर आणि मग उथळ पाण्यात करा. दहा वेळा, दोन्ही हातांनी. श्वास रोखण्याचा सराव करत असाल तर पाण्यात एकट्याने कधीही नको. शुद्ध हरपते आणि आधी काही कळतही नाही.

लाटांनी उथळ रीफवर ढकललंच, तर उभे राहू नका. बोर्डवर पोटावर झोपा, पाय वर घ्या आणि फेसाबरोबर आत जा. अगदी वीतभर पाणी असेल तर बोर्ड उलटा करा म्हणजे फिन अडकणार नाहीत. घाबरून चालत बाहेर यायचा प्रयत्न केला की पाय फाटतात, आणि पुढची लाट आडवं पाडते.

बाहेर येणं

थकण्याआधी निघा. हात जड व्हायला लागले, दोन लाटा हुकल्या, किंवा ठरवलेली वेळ झाली, यातलं जे आधी होईल ते. शेवटची एक लाट म्हणून थांबणं इथे महागात पडतं, कारण अजून परतीचं पॅडलिंग बाकी असतं. सेट जाऊ द्या, मग निघा. वाटेत दर काही हातांनी मागे वळून बघा. पहिली वाट बंद दिसली तर जबरदस्ती करू नका. खोल पाण्यात, फुटणाऱ्या रेषेच्या बाहेर बसून दम घ्या आणि दुसऱ्या जागेकडे जा. खोल पाणी दिसायला भयंकर असतं, पण त्या क्षणी सगळ्यात सुरक्षित जागा तीच.

जखमा

प्रवाळाचा ओरखडा लहान दिसतो म्हणून सोडून देऊ नका. त्यात प्रवाळाचे कण आणि जिवाणू राहतात, आणि उष्ण, दमट हवेत दोन दिवसांत पाय सुजतो. बाहेर आल्याबरोबर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने मऊ ब्रशने घासा. दुखतं, तरी घासा. कण चिमट्याने काढा, पोव्हिडोन आयोडीन लावा, कोरडी पट्टी बांधा. लाली पसरत गेली, ताप आला किंवा पायावर लाल रेघ वर चढताना दिसली तर प्रतिजैविक आणि डॉक्टर, उशीर न करता. धनुर्वाताची लस निघण्याआधीच घेतलेली असावी.

सी-अर्चिनचे काटे घुसले तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवा. वर दिसणारे काटे चिमट्याने सरळ ओढा. खोल गेलेले उकरू नका, सांध्याजवळ असतील तर डॉक्टरकडेच. पाणी किती गरम आहे ते जखमी नसलेल्या पायाने तपासा.

रक्त उसळत असेल तर जखमेवर थेट, जोरात दाब. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर टूर्निके (रक्त थांबवायला घट्ट आवळायचा पट्टा), आणि बांधल्याची वेळ त्यावर लिहा. बुडालेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी पाच श्वास द्या, मग ३० दाब आणि २ श्वास.

ओढ्याच्या पाण्यात ओल्या जखमा घेऊन डुंबला असाल आणि आठ-पंधरा दिवसांत कडक ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यांना तेवढ्यावरून येतो.

ज्यांचा समुद्र आहे त्यांना विचारून

रीफ रिकामी असली तरी बेवारस नसते. अनेक पॅसिफिक बेटांवर समोरची रीफ गावाची मासेमारीची जागा असते. सामोआतल्या बऱ्याच गावांत रविवारी सर्फिंग चालत नाही. गावात जाऊन विचारा, नकार आला तर तो माना. मासेमारी करणाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: मोठ्या समुद्रात तुमची होडी कुठून आत येते? त्या उत्तराने मला आतापर्यंत कधी फसवलेलं नाही. आणि परत आल्यावर त्या जागेचे फोटो ठिकाणासकट टाकू नका. ते ठिकाण उघड करायचं की नाही, हे गावाने ठरवायचं.

वही

अंग पुसण्याआधी वही उघडा, कारण जेवणानंतर निम्मं विसरलेलं असतं. माझ्या एका पानावर एवढंच आहे:

स्वेल नैर्ऋत्य, १४ सेकंद. सेटमध्ये पाच लाटा, बावीस मिनिटांनी. वारा साडेनऊला फिरला.
सुळका आणि झाड एका रेषेत. दुसऱ्या उकळीच्या पुढे जायचं नाही.
खिंडीतून परत येता येत नाही.
कड्याखालची फट: भरती अर्ध्यावर असेपर्यंतच. त्यानंतर उत्तरेकडची गोट्यांची खोबण, पॅडल करत वीस मिनिटं.